अपेंडिक्समधला जंत : कारण की नुसती हजेरी?

या टिपणात आपण एका छोट्या वैद्यकीय दाव्याची चिकित्सा करणार आहोत. दावा असा की अपेंडिक्सला सूज येण्यामागे, म्हणजे अपेंडिसायटिसमागे, पोटातले जंत हे एक कारण असते. शस्त्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकांत कारणांची यादी पाहा. मळाचा खडा, लसिका ऊतींची वाढ, गाठ, फळांच्या बिया, आणि त्याच ओळीत कुठेतरी 'कृमी' हा शब्द असतो. एका शब्दापलीकडे सहसा काही नसते. त्या शब्दामागे मात्र शंभरहून अधिक वर्षांचे लेखन आहे, आणि ते वाचत गेले की लक्षात येते की यादीतल्या इतर शब्दांच्या मानाने या शब्दाने आपली जागा फार स्वस्तात मिळवली आहे.

मी डॉक्टर नाही. अभियांत्रिकी महाविद्यालयात यंत्र विभागात शिकवतो आणि एका सत्रात यंत्रातल्या बिघाडांचे विश्लेषण शिकवतो. म्हणून इथे उपचार सांगण्याचा अधिकार मी घेत नाही. पण 'बिघडलेल्या भागात अमुक सापडले, म्हणून अमुकमुळे बिघाड झाला' हा युक्तिवाद माझ्या रोजच्या कामातला आहे, आणि तो कुठे घसरतो हे मला ओळखीचे आहे. तुम्ही जीवशास्त्राचे, फार्मसीचे, नर्सिंगचे, संख्याशास्त्राचे किंवा माझ्यासारखे लोखंडाचे विद्यार्थी असा, हा युक्तिवाद तुम्हाला पुढे अनेकदा भेटणार आहे.

आधी अवयव आणि पाहुणा

मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला सीकम नावाची पिशवी असते. तिला लोंबणारी, एका टोकाला बंद असलेली नळी म्हणजे अपेंडिक्स, मराठीत आंत्रपुच्छ. लांबी साधारण सहा ते दहा सेंटिमीटर, बाहेरून जाडी सहा मिलिमीटरच्या आसपास, आतली पोकळी जेमतेम एक ते तीन मिलिमीटर. शास्त्रीय नावात तिला 'कृमीसारखी' म्हटले आहे ते फक्त आकारावरून. या विषयावर लिहिणाऱ्यांना त्या नावावर कोटी करायचा मोह आवरत नाही. आपण ती एवढ्यावरच सोडू.

पाहुणे अनेक आहेत, पण सर्वाधिक लेखन ज्याच्यावर झाले तो एंटेरोबियस व्हर्मिक्युलॅरिस, म्हणजे पिनवर्म. बारीक पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत. मादी साधारण आठ ते तेरा मिलिमीटर लांब आणि जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड; नर त्याहून बराच लहान. याचे नेहमीचे राहण्याचे ठिकाण म्हणजे सीकम आणि त्याच्या आसपासचा भाग. रात्री मादी खाली उतरून गुदद्वाराभोवती अंडी घालते, खाज सुटते, मूल खाजवते, नखांतून अंडी पुन्हा तोंडात जातात. अंडी शौचात क्वचितच दिसतात, त्यामुळे नेहमीच्या शौच तपासणीत हा जंत बहुधा निसटतो. सकाळी आंघोळीपूर्वी त्वचेला पारदर्शक चिकटपट्टी लावून ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे ही त्याची खरी तपासणी, आणि ती १९४१ पासून वापरात आहे.

एक गोष्ट इथेच मनात पक्की करा. पिनवर्म सीकममध्ये राहतो आणि अपेंडिक्सचे तोंड सीकममध्येच उघडते. त्यामुळे अपेंडिक्समध्ये पिनवर्म सापडणे म्हणजे घराच्या माळ्यावर घरातलाच माणूस सापडणे. बाहेरचा कोणी तिथे सापडला असता तर संशयाला काही जागा होती.

'मुळे' हा प्रत्यय कुठून आला?

या विषयावरचे केस रिपोर्ट वाचले की त्यांचा साचा चटकन लक्षात येतो. शाळकरी वयाचा रुग्ण, बहुधा मुलगी. एक-दोन दिवसांची पोटदुखी, उजव्या बाजूला खाली दाबल्यावर दुखते, थोडी मळमळ, ताप असतो किंवा नसतो. अपेंडिक्स काढले. कापून पाहिले तर आत वळवळणारे पांढरे दोरे, किंवा विकृतिशास्त्राच्या काचपट्टीवर जंताचा गोल छेद, दोन्ही बाजूंना त्याची ओळखीची टोकदार पंखांसारखी कड. पुढे चर्चा, आणि निष्कर्षात 'एंटेरोबियसमुळे झालेला अपेंडिसायटिस'.

यातले प्रत्येक निरीक्षण खरे असते. घोटाळा फक्त शेवटच्या 'मुळे'त असतो. निरीक्षणाने हातात दिला तो 'मध्ये'. अपेंडिक्स'मध्ये' जंत होता. सूज दिसली असेल तर 'सह' म्हणायलाही हरकत नाही. 'मध्ये'पासून 'मुळे'पर्यंतचा प्रवास चर्चेच्या परिच्छेदात कधी होतो ते कळतही नाही, कारण तो प्रवास पुराव्याने होत नाही, शब्द बदलल्याने होतो. वर्गात मी एखादा असा लेख देतो तेव्हा लाल पेनाने फक्त हे तीन शब्द गोल करायला सांगतो. बाकी चर्चा त्यानंतर आपोआप सुरू होते.

आणि कितीतरी अहवालांत, नीट वाचले तर, सूजही नसते. विकृतिशास्त्राच्या वर्णनात भिंत निरोगी असल्याचे लिहिलेले असते, पेशींची तीव्र दाहाची खूण नसते, आणि तरीही लेखाचे शीर्षक अपेंडिसायटिसचे असते. शीर्षक वाचून पुढे जाणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

जुनी नोंद, विसरलेला उपयोग

अपेंडिसायटिस हे नाव रूढ झाले ते बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांच्या १८८६ च्या निबंधानंतर. नाव मिळाल्यावर कारणांचा शोध सुरू झाला. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुलांतल्या पिनवर्मविषयी निरीक्षणे प्रसिद्ध केली. ती शवविच्छेदनांवर आधारलेली होती, आणि अपेंडिक्स हे या जंतांचे नेहमीचे ठिकाण असल्याचे त्यांत दिसले होते. पाठोपाठ १९०१ मध्ये पॅरिसमध्ये इल्या मेचनिकॉफ यांनी जंत आणि अपेंडिसायटिस यांचा संबंध जोडणारे टिपण मांडले. जंत आतल्या अस्तराला जखम करतो आणि त्या जखमेतून जिवाणू आत शिरतात, असा त्यांचा साधारण विचार. मेचनिकॉफ यांना पुढे १९०८ मध्ये नोबेल मिळाले ते पेशींच्या रोगप्रतिकारावरच्या कामासाठी, जंतांसाठी नव्हे. पण मोठ्या नावाचे वजन छोट्या टिपणालाही मिळते.

या दोन नोंदींपैकी मला स्टिल यांची नोंद जास्त मोलाची वाटते, आणि नेमकी तीच चुकीच्या बाजूने उद्धृत होते. जंत आणि अपेंडिसायटिसचा संबंध जुना आहे हे दाखवायला तिचा दाखला देतात. पण ती मुले वेगवेगळ्या आजारांनी गेलेली होती. अपेंडिक्स दुखले म्हणून त्यांचे पोट उघडले गेले नव्हते. अपेंडिक्सची तक्रार नसलेल्या मुलांतही तिथे जंत किती सहज सापडतात याची ती मोजणी आहे. म्हणजे आपल्याला तुलनेसाठी जो गट हवा होता, तो १८९९ मध्येच कोणीतरी पाहून ठेवला होता.

आकड्यांची रुंदी

काढलेल्या अपेंडिक्सपैकी किती टक्क्यांत पिनवर्म सापडतो? या विषयावरच्या लेखांत ठरलेली ओळ असते : ०.२ टक्क्यांपासून ४१.८ टक्क्यांपर्यंत. ही ओळ एका लेखातून दुसऱ्यात उतरत गेली आहे आणि लिहिणारे ती शांतपणे लिहून पुढे जातात. तुमच्या प्रयोगशाळेत एकाच राशीची मोजमापे दोनशे पटींनी वेगळी आली तर मी तुम्हाला सरासरी काढू देणार नाही. मोजपट्टी तपासायला पाठवीन.

मोजपट्टी तपासू. काही फरक खरा असणार, कारण वय, वस्ती आणि घरातली गर्दी यांवर जंताचे प्रमाण अवलंबून असते. पण काही फरक कापण्यातला आहे. नेहमीच्या पद्धतीत अपेंडिक्सच्या मुळाशी एक आडवा काप, मध्ये एक आडवा काप आणि टोकाचा उभा काप घेतात. समजा आठ सेंटिमीटरच्या अपेंडिक्समध्ये एक सेंटिमीटरचा एकच जंत लांबीच्या दिशेने पडला आहे. एका आडव्या कापात तो येण्याची शक्यता ढोबळमानाने आठात एक. दोन कापांत मिळून चारात एक. टोकाच्या उभ्या कापाने आणखी थोडी भर घातली, तरी काचपट्टीवर तो दिसण्याची शक्यता निम्म्याहून कमीच राहते. कापताना कोणी डोळ्यांनी नीट पाहिले, किंवा सगळे अपेंडिक्स तुकडे करून तपासले, तर आकडा वाढतो. म्हणजे दोन रुग्णालयांच्या टक्केवारीतला फरक मुलांच्या पोटातला असेल किंवा विकृतिशास्त्राच्या टेबलावरचा असेल. ही माझी पाठीमागच्या पानावरची आकडेमोड आहे, तिला शोधनिबंधाचा मान देऊ नका. तिचा उपयोग एवढाच की टक्केवारी वाचताना 'किती काप?' हा प्रश्न तुम्हाला सुचावा.

जंत संरक्षण करतो?

आता या लेखनातला सर्वांत गमतीचा वळसा. गेल्या काही दशकांत अनेकांनी केस रिपोर्टच्या पुढे जाऊन शेकडो-हजारो अपेंडिक्सच्या नोंदी चाळल्या. त्यांतून वारंवार दिसले की सुजलेल्या अपेंडिक्समध्ये जंत कमी आणि काढलेल्या पण निरोगी निघालेल्या अपेंडिक्समध्ये जंत जास्त. यावरून काहींनी उलटाच प्रश्न विचारला : जंत अपेंडिसायटिसपासून वाचवतो की काय?

इथे थांबा आणि एक काल्पनिक गाव घ्या. आकडे माझे, बनवलेले. गावात १०,००० मुले. त्यांपैकी ५०० जणांच्या अपेंडिक्समध्ये जंत आहे, म्हणजे ५ टक्के. आपणच ठरवू की जंताचा सुजेवर काहीही परिणाम होत नाही. दर हजारी चार मुलांना अपेंडिसायटिस होतो, जंत असो वा नसो. म्हणजे जंतवाल्यांपैकी २ आणि बाकीच्या ९,५०० पैकी ३८. एकूण ४० सुजलेली अपेंडिक्स.

आता दुसरी गोष्ट. काही मुलांचे पोट सूज नसतानाही तसेच दुखते, डॉक्टरांना धोका पत्करायचा नसतो, अपेंडिक्स काढले जाते आणि ते निरोगी निघते. जंत नसलेल्यांत अशी ५ मुले धरा. जंत असलेल्यांत, जंताच्या वळवळीने नळीला कळ येते असे मानून, ३ धरा. ऑपरेशनच्या टेबलावर आलेली एकूण ४८ मुले झाली.

विकृतिशास्त्रज्ञाला फक्त ही ४८ दिसतात. सुजलेल्या ४० पैकी २ मध्ये जंत, म्हणजे ५ टक्के. निरोगी ८ पैकी ३ मध्ये जंत, म्हणजे साडेसदतीस टक्के. त्याने टेबल मांडले की निष्कर्ष तयार : जंत असेल तर सूज कमी! आणि आपण तर सुरुवातीलाच ठरवले होते की जंताचा सुजेशी काही संबंध नाही.

संबंध कुठून आला? निवडीतून. रुग्णालयात कोण पोहोचते हे ठरवणाऱ्या गोष्टीतच जंताचा हात होता, म्हणून रुग्णालयाच्या आत तुलना केल्यावर खोटा संबंध दिसू लागला. मेयो क्लिनिकचे जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये हा सापळा दाखवून दिला आणि तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. संख्याशास्त्राच्या वर्गात तो बहुधा सूत्रांसह येतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. वरचे गाव लक्षात ठेवलेत तर सूत्राची गरज पडणार नाही.

दुसरीही बाजू पाहा. वरच्या गावात सुजलेल्या अपेंडिक्समधले ५ टक्के हे गावातल्या मुलांमधल्या ५ टक्क्यांइतकेच आहे. हीच खरी तुलना : सुजलेल्या अपेंडिक्समधले प्रमाण आणि त्याच वयाच्या, त्याच वस्तीतल्या, पोट न दुखणाऱ्या मुलांच्या अपेंडिक्समधले प्रमाण. ते मिळवणे अवघड आहे हे मान्य. अपघातात गेलेल्यांचे शवविच्छेदन, किंवा दुसऱ्याच कारणासाठी पोट उघडल्यावर काढलेली अपेंडिक्स, एवढेच मार्ग. पण अवघड आहे म्हणून निरोगी निघालेल्या अपेंडिक्सना 'नियंत्रण गट' म्हणून उभे करणे योग्य ठरत नाही. तीही पोट दुखणारीच मुले होती.

या सगळ्यातून एक वेगळी, मला जास्त पटणारी शक्यता पुढे येते. पिनवर्म अपेंडिक्स सुजवतो याचा पुरावा दुबळा आहे. पण तो अपेंडिसायटिससारखी दिसणारी पोटदुखी निर्माण करतो, याला आधार बराच बरा आहे. हे दोन वेगळे दावे आहेत. पहिला खरा असेल तर शस्त्रक्रिया योग्य होती. दुसरा खरा असेल तर काही मुलांचे अपेंडिक्स एका गोळीच्या कामासाठी काढले गेले.

नळी तुंबते का?

जंताच्या बाजूने दिला जाणारा मुख्य यांत्रिक युक्तिवाद तुंबण्याचा आहे. मिनेसोटाचे ओवेन वँगेनस्टीन आणि क्लॅरेन्स डेनिस यांनी १९३९ मध्ये दाखवले की माणसाच्या अपेंडिक्सचे तोंड बंद केले तरी आतला स्राव चालूच राहतो आणि दाब वाढत जातो. त्यानंतर अपेंडिसायटिस म्हणजे तुंबलेली नळी हे चित्र पाठ्यपुस्तकांत पक्के बसले. तुंबवणारी वस्तू कोणतीही चालेल, मग जंत का नाही?

का नाही ते मोजून पाहा. पोकळीचा व्यास २ मिलिमीटर, जंताचा ०.४ मिलिमीटर. क्षेत्रफळाचे गुणोत्तर व्यासाच्या वर्गाचे, म्हणजे एक जंत पोकळीचा ४ टक्के भाग अडवतो. नळी तुंबवायला जंतांचा चांगला गुंता लागेल. असे गुंते आढळतात, नाही असे नाही. पण मग अहवालात जंतांची संख्या असायला हवी, आणि जास्त जंत तिथे जास्त सूज असे नातेही दिसायला हवे. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९६५ मध्ये कार्यकारणाकडे पाहण्याचे जे नऊ दृष्टिकोन मांडले, त्यांत मात्रा वाढली की परिणाम वाढतो का, हा एक आहे. 'जंत होता' एवढ्या नोंदीवर त्याचे उत्तर देता येत नाही.

शिवाय तुंबण्याचे चित्रही तितके पक्के नाही. १९८० च्या दशकात स्वीडनमधल्या अर्नब्यॉर्नसन आणि बेंगमार्क यांनी शस्त्रक्रियेदरम्यान अपेंडिक्समधला दाब प्रत्यक्ष मोजला. सडण्याच्या अवस्थेला न पोहोचलेल्या बहुतेक सुजलेल्या अपेंडिक्समध्ये तुंबल्याची खूण सापडली नाही. दाब वाढतो तो कदाचित सुजेचा परिणाम म्हणून. म्हणजे कृमीला यादीत बसवणारी चौकटच हलणारी आहे.

वेळेचा क्रम हा आणखी अवघड भाग. गोल जंत, म्हणजे ॲस्केरिस, वीस-तीस सेंटिमीटर लांब आणि पेन्सिलीच्या जवळ जाणारा जाड. तो नळी खरोखर अडवू शकतो आणि कोणत्याही भोकात तोंड घालायची त्याला सवय आहे, पित्तनलिकेतही शिरतो. फुटलेल्या अपेंडिक्सजवळ, पोटाच्या पोकळीत तो सापडला की वाटते त्यानेच फोडले. पण नळी आधी फुटली आणि हा आयत्या भोकातून बाहेर आला, हेही तितकेच शक्य आहे. शस्त्रक्रियेच्या क्षणी काढलेला एकच फोटो दोन्ही कथांना सारखाच शोभतो.

आणि मग तो बचाव, जो ऐकला की मला खटकते. सुजलेल्या अपेंडिक्समध्ये जंत सापडला नाही, तर काही लेखक म्हणतात, सूज सुरू झाल्यावर तो निघून गेला असेल. जीवशास्त्राच्या दृष्टीने हे अशक्य नाही. पण मग जंत असला तर त्याने केले, नसला तर करून पळाला. असा आरोपी कोणत्याही न्यायालयात सुटू शकत नाही, आणि ज्या दाव्याला खोटे ठरवणारे निरीक्षणच शिल्लक राहत नाही तो दावा शास्त्राच्या कामाचा राहत नाही.

जिथे 'मुळे' शोभतो

एवढे वाचून 'परजीवी आणि अपेंडिसायटिस यांचा काहीच संबंध नाही' असे कोणी लिहून घेतले तर ते वहीतून खोडा. पुरावा कसा असावा याची चांगली उदाहरणे याच विषयात आहेत.

शिस्टोसोमा घ्या. आफ्रिकेच्या अनेक भागांत आणि मध्यपूर्वेत हा आजार आहे. भारतात तो जवळपास नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावी १९५२ मध्ये सापडलेले मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमाचे ठिकाण हा त्यातला गाजलेला अपवाद. या परजीवीची अंडी अपेंडिक्सच्या पोकळीत नुसती पडलेली नसतात, ती भिंतीत रुतलेली असतात. प्रत्येक अंड्याभोवती इओसिनोफिल पेशींचा गराडा आणि ग्रॅन्युलोमा नावाची गाठ. पुढे तिथे तंतुमय घट्टपणा येऊन नळी अरुंद होते. शरीराने अंड्याला दिलेले उत्तर काचपट्टीवर लिहिलेले दिसते. तरीही, जिथे हा आजार घरोघरी आहे तिथे निरोगी अपेंडिक्समध्येही अंडी सापडतात, त्यामुळे तिथेही तुलना सुटत नाही.

अमिबाचेही तसेच. एंटअमिबा हिस्टोलिटिका अस्तर पोखरून व्रण करतो आणि गिळलेल्या लाल पेशींसह भिंतीत सापडतो. तो ओळखणे महत्त्वाचे असते, कारण नुसते अपेंडिक्स काढून भागत नाही, औषध वेगळे लागते. कोस्टा रिकात १९७१ मध्ये मोरेरा आणि सेस्पेदेस यांनी वर्णन केलेला अँजिओस्ट्राँजायलस हा जंत तर आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांतच राहतो आणि मुलांत अपेंडिसायटिससारखे चित्र निर्माण करतो.

या तिघांत आणि पिनवर्ममध्ये फरक कोणता? पोकळी आणि भिंत यांचा. पिनवर्म बहुतेक वेळा पोकळीत असतो आणि शेजारच्या भिंतीला त्याचा पत्ताही नसतो. कधी तो अस्तरात घुसलेला दिसतो, पण अपेंडिक्स कापून बाहेर काढल्यावर, गारठलेल्या आणि रक्तपुरवठा तुटलेल्या ऊतीत तो घुसला असेल, असेही म्हणणे या लेखनात आहे. भोवती पेशींची प्रतिक्रिया असेल तर जंत जिवंत शरीरात घुसला होता. नसेल तर शंका घ्या. बिघडलेल्या पाइपच्या तडीत गंज दिसला तर तो तडीपूर्वीचा की नंतरचा हे आम्ही असेच ठरवतो.

जगाच्या नकाशाकडे पाहून

एक सोपा दिसणारा युक्तिवाद विद्यार्थी नेहमी मांडतात : जंत गरीब देशांत जास्त, अपेंडिसायटिस मात्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोप-अमेरिकेत वाढला, मग जंत कारण कसा? डेनिस बर्किट यांनी १९७१ मध्ये याच नकाशावरून आहारातल्या चोथ्याचा सिद्धांत मांडला. डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकात त्याला पर्याय दिला : घरात नळ, न्हाणीघर आणि स्वच्छता आली, लहानपणचे संसर्ग पुढे ढकलले गेले, आणि त्यातून अपेंडिसायटिस वाढला.

नकाशाचा युक्तिवाद ॲस्केरिसच्या विरुद्ध चालतो, पिनवर्मच्या विरुद्ध नाही. पिनवर्म गरिबीचा जंत नाही. तो थंड, श्रीमंत देशांतल्या बालवाड्यांतही सुखाने नांदतो, कारण त्याला माती लागत नाही, मुलांची नखे आणि एकत्र झोपणे पुरते. 'जंत' या एका शब्दाखाली सगळ्यांना कोंबले की असा युक्तिवाद पास होतो. शिवाय जिथे शस्त्रक्रियाच पोहोचत नाही तिथे अपेंडिसायटिसची नोंदही कमीच होणार.

हाच घोटाळा आपल्या देशात दुसऱ्या रूपात दिसतो. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वयोगटाला अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. पण हा कार्यक्रम मातीतून पसरणाऱ्या जंतांसाठी आखलेला आहे. पिनवर्मवर ती गोळी चालते, पण एका मात्रेनंतर घरातल्या अंथरुणातून तो परत येतो. तुम्हाला प्रकल्पासाठी विषय हवा असेल तर हा घ्या : या कार्यक्रमाच्या आधीच्या आणि नंतरच्या अपेंडिक्स-शस्त्रक्रियांची तुलना करून आपला प्रश्न सुटेल का? सुटण्यासाठी कोणती नोंद लागेल? दोन पाने लिहून पाहा, अडचणी आपोआप समोर येतील.

रिपोर्टचे काय करायचे?

तुमच्यातले बरेच जण वसतिगृहात राहतात, म्हणून हे सांगणे भाग आहे. बेंबीभोवती सुरू झालेले दुखणे काही तासांत उजवीकडे खाली सरकले, भूक मेली, उलटी झाली, ताप आला, तर 'जंत असतील' म्हणून गोळी घेऊन रात्र काढू नका. या टिपणातली कोणतीही शंका तुमच्या पोटावर तपासायची नाही. जंत असलेल्या माणसालाही खरा अपेंडिसायटिस होतोच. वरच्या गावात तो दोन मुलांना झाला होता.

आणि शस्त्रक्रिया झालीच असेल, तर आठ-दहा दिवसांनी येणारा विकृतिशास्त्राचा रिपोर्ट मागून घ्या आणि खालच्या ओळीपर्यंत वाचा. तोवर टाके निघालेले असतात, दुखणे थांबलेले असते, रिपोर्ट फाइलमध्ये जातो. त्यात पिनवर्मचा उल्लेख असेल तर अपेंडिक्स काढल्याने जंत गेलेला नाही. त्याचे घर सीकममध्ये आहे आणि ते जागेवरच आहे. रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा. औषध बहुधा दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा आणि घरातल्या सगळ्यांना एकदम घ्यावे लागते. नखे कापणे, चादरी-अंतर्वस्त्रे गरम पाण्यात धुणे हेही त्यासोबत. वसतिगृहात खोलीत तिघे असाल तर तिघांनाही विचारावे लागेल, आणि ते विचारणे अवघड वाटले तरी विचारा.